उघड्या टपाची मर्सिडीज आणि चंद्रपूरचा पाऊस

माझ्याकडे मर्सिडीज-बेंझची २८० एसएल आहे, १९७८ सालची. दोन दारं, दोघांची जागा, आणि कापडी टप घडी करून मागच्या लोखंडी झाकणाखाली ठेवता येतो. कारखान्याच्या हिशेबात हिचं घराणं १०७ क्रमांकाचं. १९७१ ते १९८९ या काळात त्या घराण्यातल्या २,३७,२८७ एसएल तयार झाल्या, त्यामुळे जगात ती फार दुर्मीळ आहे असं कुणी म्हणणार नाही. पण चंद्रपुरात उघडी गाडी म्हटलं की लोकांना ताडोब्याची जिप्सी आठवते, आणि पठाणपुऱ्यातून ही गेली की पोरं सायकली घेऊन मागे लागतात.

गाडी आधी दिल्लीत एका वकिलातीत होती. तिथून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेली; वकिलातींच्या जुन्या गाड्या त्या काळी याच वाटेने बाहेर यायच्या. पुढे नागपूरच्या एका घरात आली आणि शेडमध्ये उभीच राहिली. ट्रकवर घालून वरोरा-भद्रावती करत मी ती चंद्रपूरला आणली, तेव्हा इंजिन फिरत नव्हतं आणि टपाच्या चिंध्या लोंबत होत्या.

तिला रस्त्यावर आणताना जे कळलं त्यातलं निम्मं जर्मन पुस्तकांत सापडतं. उरलेलं इथेच होतं: बल्लारपूर रोडच्या गॅरेजांत, ताडपत्रीच्या दुकानांत, खाणींची यंत्रं दुरुस्त करणाऱ्यांकडे. माझं आता पक्कं मत झालंय की परदेशी जुनी गाडी ज्या गावात ठेवायची, त्या गावच्या हवेची आणि तिथल्या कारागिरांची तिला करून घ्यावी लागते. ज्यांच्या अंगणात अशी एखादी गाडी उभी आहे, मग ती जर्मन असो, पद्मिनी असो की महिंद्राची जुनी जीप, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

१. भीती उन्हाची वाटते, पण गाडी खातं ते पाणी

चंद्रपूर म्हटलं की लोक आधी उन्हाळ्याचं बोलतात. मे महिन्यात पारा ४६-४७च्या पुढे जातो, हे खरंच. उन्हाने रंग उडतो, रबर कडक होतं, डॅशबोर्डला तडे जातात. पण रंग पुन्हा देता येतो, रबर बदलता येतं. पत्रा सडला की गाडी संपली. आमच्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गडचिरोलीकडे त्याहूनही जास्त, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये.

या गाडीची दुखरी जागा समोरच्या काचेच्या पायथ्याशी आहे. बोनेट संपतं तिथे हवा आत घ्यायची जाळी आहे. जाळीखाली पन्हळ, आणि पन्हळीच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं. काचेवरून ओघळलेलं पाणी या भोकांतून खाली जावं अशी रचना. भोकं तुंबली की पाणी पन्हळीत साचतं आणि हीटरच्या पेटीखालचा पत्रा खायला लागतं. इंजिन आणि माणसं यांच्यामधली ती भिंत. बाहेरून काहीच कळत नाही. रंग चकचकीत असतो, दारं नीट लागतात.

आमचे मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. मी रंगाचं विचारलं तर म्हणाले, “रंगाचं मंग पाहू, भाऊ. पाणी कुठून येऊन राहिलं ते पहिले पाहा.” त्यांनी पायाखालचा गालिचा उचलला, मला आत बसवलं आणि काचेच्या पायथ्याशी तांब्याने थोडं थोडं पाणी सोडलं. डाव्या बाजूला, शेजारच्या माणसाच्या पावलाजवळ, थेंब पडायला लागले. मग त्यांनी भोकात तार घालून ओढली. आतून कडुनिंबाच्या पानांचा काळा, घट्ट गोळा निघाला. त्यात लिंबोळ्यांच्या बिया होत्या, मुंग्यांची माती होती, आणि गंजाचा पापुद्रा त्याच्याबरोबरच निघून आला. पेचकसाचं टोक त्यांनी तिथे टेकवलं, तर ते पत्र्यातून आरपार गेलं.

दुरुस्तीसाठी डॅशबोर्ड उतरवावा लागला, हीटरची पेटी काढावी लागली. इथे एक गोष्ट अडून बसून करून घ्या. सडलेल्या पत्र्यावर नवी पट्टी मारू देऊ नका. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकते आणि पुढच्या दोन पावसाळ्यांत नवी पट्टीही जाते. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा कडेला कड लावून जोडायचा, दोन्ही बाजूंनी प्रायमर द्यायचं आणि पोकळ भागात मेणाचं गंजरोधक फवारायचं. लांबी भरून गुळगुळीत केलेलं काम दिसायला सुरेख असतं, पण लांबीच्या खाली काय आहे ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता होळी झाली की एकदा आणि मृग लागायच्या आधी एकदा, मी तार घेऊन बसतो. आमच्याकडे कडुनिंब आणि साग दोन्ही त्या दिवसांत ओकेबोके होतात, पानं तेव्हाच साठतात. दारांच्या खालच्या कडेची भोकं, पायपट्टीच्या खालची भोकं, चाकांच्या कमानींच्या आत चिकटलेला काळ्या मातीचा थर, हे सगळं त्याच बैठकीत. काळी माती ओल धरून ठेवते, वाळली तरी आतून दमट राहते. पाण्याचा जोर लावून नुसती धुवू नका, आधी लाकडी काडीने खरवडा.

२. कापड बाहेरून आणा, शिलाई गावात करा

टपाचं कापड साधं नसतं. वर विणलेला थर, मध्ये रबर, आत सुती अस्तर, असे तीन थर एकात. आमच्या शहरात जिप्सींचे हूड आणि ट्रकांच्या ताडपत्र्या शिवणारे काका आहेत. त्यांच्याकडे मी जुना टप घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी आधी तो जमिनीवर अंथरला, बाजूला बसले आणि बराच वेळ नुसता हात फिरवत राहिले. मग खडूने प्रत्येक शिवणीवर खूण केली, प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि शिवणी एकेक करून उसवल्या. फाटलेला टप फेकून देऊ नका. नवा कापायचा नकाशा तोच आहे, विकत मिळणाऱ्या कुठल्याही नमुन्यापेक्षा तुमच्या गाडीला तो जवळचा.

ताडपत्री वापरायची का, हा प्रश्न होता. इथे उत्तम ताडपत्री मिळते, स्वस्त मिळते, पाऊसही अडवते. काकांनीच नको म्हटलं. टप घडी होऊन झाकणाखाली जातो, तिथे बोटभरही जास्तीची जागा नाही. जाड कापडाची घडी बसली नाही तर झाकण लागत नाही आणि ओढून लावलं तर सांगाड्याच्या कमानी वाकतात. म्हणून कापड जर्मन जातीचं मागवलं, शिलाई त्यांची. दुहेरी शिवण, आणि सुईच्या भोकांतून पाणी झिरपू नये म्हणून शिवणीवर आतून मेण. ताडपत्रीवाल्यांना ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

नवा टप चढवल्यावर बरेच दिवस उघडू नका. बंद ठेवला की तो कमानींवर ताणून बसतो. ओला असताना कधीच घडी करू नका. मागची खिडकी काचेची नसते, लवचीक प्लास्टिकची असते. आमच्या उन्हात ती मऊ पडते आणि त्याच अवस्थेत घडी घातली तर मोडीची रेघ कायमची उमटते. घडीत मध्ये मलमलीचं फडकं ठेवायचं. आणि तिच्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसायची नाही. आमच्या शहराच्या धुळीत कोळसा आणि राख असते, ती ओरखडे काढते. आधी पाण्याची धार, मग हात.

३. लोखंडी टपाला सागाची घोडी

या गाडीला दुसरा, लोखंडी टपही येतो. मधोमध किंचित खोलगट, दोन्ही कडांना उचललेला. पावसाळाभर मी तोच लावतो, मृगापासून दसऱ्यापर्यंत. तो एकट्याने उचलायचा नाही. दोघं हवेत, आणि खाली ठेवायची जागा आधी तयार हवी, कारण जमिनीवर टेकवला की कडेचं रबर दबतं आणि मग तिथूनच पाणी येतं.

बल्लारपूरच्या एका सुताराकडून मी त्यासाठी सागाची घोडी करून घेतली, आरागिरणीतल्या उरल्यासुरल्या फळ्यांची. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना ज्या जिल्ह्याचं सागवान गेलं, त्या जिल्ह्यात राहून प्लास्टिकची घोडी मागवावी असं मला वाटलं नाही. सागाला वाळवी सहसा लागत नाही, दमट हवेत तो फुगत नाही. घोडीच्या वरच्या कडेला सुताराने जुन्या सतरंजीची पट्टी ठोकली आहे.

४. “आपल्याकडे बर्फ कुठे पडतो?”

कूलंटबद्दल हे वाक्य मी इतक्या गॅरेजांत ऐकलंय की त्याचं उत्तर इथे सविस्तर देतो. पाणी गोठू नये एवढंच कूलंटचं काम असतं असा समज आहे. माझ्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असले की त्यांच्यात वीज खेळते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. कूलंटमधली रसायनं ही झीज रोखतात. शिवाय कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं, आणि मे महिन्यात जटपुरा गेटच्या गर्दीत गाडी अडकली की तेच उपयोगी पडतं.

बोअरचं पाणी तर रेडिएटरमध्ये अजिबात घालू नका. आमच्या भागातलं पाणी जड आहे, घरातल्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या वाटांमध्ये बसतो. बॅटरीत घालतात ते क्षारविरहित पाणी घ्या. माझ्या इंजिनाचं हेड काढलं तेव्हा पाण्याच्या वाटांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या फळीसारख्या झाल्या होत्या. आधीच्या कुणीतरी वर्षानुवर्षं नुसतं नळाचं पाणी भरलं होतं.

५. गरम गाडी पुन्हा सुरू होत नसेल, तर आधी दाब मोजा

या गाडीला कार्ब्युरेटर नाही. बॉशची के-जेट्रॉनिक नावाची यंत्रणा आहे. तीत संगणक वगैरे काही नसतो, सगळं पेट्रोलच्या दाबावर आणि हवेच्या ओढीवर चालतं. मागच्या टाकीजवळचा पंप सुमारे ५ बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. हवा आत येते तेव्हा एक गोल चकती उचलली जाते, चकतीला जोडलेली दांडी एका बारीक प्लंजरला वर ढकलते, आणि प्लंजर जितका वर जाईल तितकं पेट्रोल सहाही नळ्यांत जातं. मला ही यंत्रणा फार आवडते. बोनेट उघडून चकती बोटाने हलवली की इंजिन श्वास कसा घेतं ते कळतं.

उन्हाळ्यातली तिची तक्रार ठरलेली. गाडी लांबून आली, पानठेल्यावर थांबली, अर्ध्या तासाने किल्ली फिरवली की नुसती घरघर. थंड झाली की मुकाट्याने सुरू. गॅरेजांत यावर लगेच प्लग बदलतात, कॉइल बदलतात, पंप बदलतात. खरं कारण बहुतेक वेळा असं असतं की इंजिन बंद केल्यावर नळ्यांतला दाब टिकत नाही. दाब टिकवण्यासाठी पंपाजवळ एक साठवणी डबी आणि एक उलटझडप असते. यांतलं एक जरी निकामी झालं की दाब पडतो, आणि इंजिनाच्या उष्णतेने नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते. ४५ अंशांत ती व्हायला वेळ लागत नाही.

हे सिद्ध करायला दाबाचं मीटर लागतं, आणि त्या मीटरची जोडणी या गाडीच्या आट्यांना बसणारी हवी. ती मला कुठल्याही मोटारीच्या दुकानात मिळाली नाही. मिळाली घुग्घुस रस्त्यावरच्या एका हायड्रॉलिक होजवाल्याकडे. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींत चालणाऱ्या डंपर-एक्स्कॅव्हेटरच्या नळ्या करणं हा त्याचा रोजचा धंदा. त्याच्यासाठी ५ बार म्हणजे काहीच नाही, त्याची यंत्रं शेकडो बारवर चालतात. पण नळीच्या दोन टोकांना वेगवेगळे आटे कसे काढायचे आणि जोड गळणार नाही असा कसा दाबायचा, हे त्याच्याइतकं कुणाला येत नाही. मीटर लावलं, इंजिन बंद केलं, आणि काटा डोळ्यांदेखत खाली आला. साठवणी डबी बदलली, तक्रार संपली.

आता पेट्रोलचं. देशात २०२५पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. १९७८ सालच्या रबराची त्यासाठी तयारी नव्हती. जुन्या नळ्या आतून मऊ पडतात, त्यांचे कण पुढे वाहत जातात. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यामुळे टाकीत गंज धरतो, आणि त्या बारीक प्लंजरला गंजाचा एक कण पुरतो. म्हणून सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घातल्या. पावसाळ्यात टाकी अर्धवट ठेवत नाही, कारण रिकाम्या जागेतल्या हवेची ओल टाकीच्या भिंतींवर जमते. आणि गाडी पेट्रोल भरून महिनोन्‌महिने उभी ठेवत नाही.

६. तारा इथल्या मिस्त्रींना ओळखीचा आहे

लोकांना वाटतं मर्सिडीजला चंद्रपुरात कोण हात लावणार. पण टाटांची टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांचा करार १९५४ सालचा. त्यानंतर १५ वर्षं जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज-बेंझ नावाचे ट्रक बनले, समोर जाळीवर तीन टोकांचा तारा असलेले. आमचे मिस्त्री पोरसवदा असताना तेच ट्रक खोलायला शिकले. माझ्या गाडीचा तारा त्यांनी अंगठ्याने पुसला आणि म्हणाले, “हा तर आपल्या घरचाच आहे.”

बर्था बेंझची गोष्टही मला त्यांच्याजवळ बसून नव्याने समजली. १८८८ साली नवऱ्याला न सांगता ती दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटर, मोटारीने गेली. मोटारीचा तो पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधन तिने औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने साफ केली, आणि ब्रेक झिजले तेव्हा एका गावच्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. जर्मन मोटार जन्मापासून वाटेवरच्या कारागिरांच्या हातावर चालत आली आहे. आपल्या गावच्या मिस्त्रींवर विश्वास ठेवायला एवढं पुरे.

हा विश्वास कुठे थांबवायचा, तेही ठरवून घ्या. ब्रेक आणि स्टिअरिंग यांत जुगाड चालवून घेऊ नका. या घराण्यातल्या गाड्यांच्या पुढच्या आडव्या सांगाड्याला, स्टिअरिंगचा डबा बसतो त्या जागी, तडे जातात. गाडी उचलून, चिखल धुऊन, बॅटरीच्या उजेडात ती जागा बघा. ब्रेकच्या रबरी नळ्या बाहेरून ठणठणीत दिसतात आणि आतून सुजलेल्या असतात. पाय काढला तरी चाक धरून ठेवतात. त्या नव्याच घाला. ब्रेकचं तेलही ओल पितं, आमच्या हवेत ते दोन वर्षांच्या वर ठेवत नाही.

७. सुटा भाग नंबराने मागा

स्टुटगार्टजवळ फेलबाख इथे कंपनीचं क्लासिक सेंटर १९९३पासून आहे आणि या घराण्याचे पुष्कळ भाग अजून मिळतात. तुमच्या गाडीचा चॅसी नंबर १०७ ०४२ने सुरू होत असेल तर ती २८० एसएल. ३५० आणि ४५०चे आकडे वेगळे, इंजिनही वेगळी. “पंप पाठवा” म्हटलं की चुकीचा पंप येतो, त्यावर कस्टम ड्यूटी भरलेली असते आणि परत पाठवायचा खर्च वेगळा. सगळ्या गरजा एकत्र करून एकदाच मागवा.

८. कागद

पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो. वेल्डिंग करताना चॅसीवर कोरलेल्या आकड्यांजवळ ग्राइंडर जाऊ देऊ नका. आरटीओत त्याचीच छाप घेतात.

जुलै २०२१मध्ये केंद्राने पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं, नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,०००. अशा गाडीला भंगाराची भीती राहत नाही, हा मोठा फायदा. पण ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. माझी गाडी अजून पन्नाशीला पोचलेली नाही. पोचली तरी मी व्हीए नंबर घेणार नाही. मला रविवारी सकाळी मूल गावापर्यंत जायचं असतं, आणि त्यासाठी कुठल्या रॅलीची वाट बघायची नाही. संग्रह करणाऱ्यांचा विचार वेगळा असू शकतो, त्यांना तो नियम नक्कीच सोयीचा आहे.

९. उभी गाडी मरते

कोल्हापूरला छत्रपती घराण्याची मेबॅक आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेनच्या कारखान्यातली. दर विजयादशमीला ती दसरा चौकात येते. शमीपूजनाला आलेली गर्दी तिची वाट बघत असते. माझ्या मते ती गाडी आजवर टिकली यात या प्रथेचा फार मोठा हात आहे. वर्षातून एक दिवस ठरलेला असला की त्याआधी कुणीतरी बॅटरी बघतं, टायर बघतं, तेल बदलतं, ती चालवून पाहतं. इतकी मौल्यवान गाडी काचेआड ठेवायचा मोह कुणालाही झाला असता.

आपल्याकडे राजवाडा नसला तरी असा दिवस ठरवता येतो. मी आठवड्यातून एकदा इंजिन पूर्ण गरम होईस्तोवर गाडी चालवतो. शेडमध्ये नुसतं पाच मिनिटं सुरू करून बंद करणं वाईट. सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, तेल गरम होत नाही. शिवाय उभ्या गाडीत उंदीर येतात. वायरी कुरतडतात, हीटरच्या पेटीत घरटं करतात. औषधं, गोळ्या, सगळं करून झालं. चालत्या गाडीत ते राहत नाहीत, हाच उपाय लागू पडला.

१०. जंगलातून जाताना

दसरा ते होळी हा उघड्या टपाचा खरा मोसम. माझा आवडता रस्ता चंद्रपूर, मूल, सावली, मग वैनगंगेचा पूल आणि गडचिरोली. तिथून चामोर्शीकडे वळून मार्कंड्याच्या देवळापर्यंत. तिथे वैनगंगा उत्तरेकडे वाहते. माघातल्या सकाळी धुकं नदीवरून रस्त्यावर येतं. टप उघडा असला की ते हाताला लागतं, आणि इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंच्या झाडीतून परत ऐकू येतो. मार्चच्या शेवटी मोह गळायला लागला की चिचपल्लीच्या पुढे हवेतच तो गोड, जड वास असतो. टोपल्या घेऊन बाया पहाटेच जंगलात गेलेल्या असतात. बंद काचेच्या गाडीत बसून यातलं काही मिळत नाही. या गाडीवर केलेल्या सगळ्या खर्चाचं मोल मला त्या रस्त्यावर मिळतं, आणि कुणी विचारलं की इतका पैसा कशाला घातलास, तर मी त्याला शेजारी बसवून चिचपल्लीला नेतो.

चामोर्शीच्या पुढे आष्टी-आलापल्लीकडे मी ही गाडी नेत नाही. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक त्या रस्त्यावर चालतात. खड्डे मोठे आहेत आणि लाल धूळ एअर फिल्टर भरून टाकते. आलापल्लीचं जुनं सागवन बघण्यासारखं आहे, तिकडे जीपने जा.

सूर्य कलला की टप बंद करायचा आणि परतायचं. मूल रस्त्यावर वाघ, अस्वल, रानडुक्कर, चितळ कुणीही आडवं येतं. चंद्रपुरात औष्णिक वीज केंद्राच्या आवारातही वाघ फिरतात. ताडोब्याच्या जिप्सीत तुमच्याबरोबर गाइड असतो, वेळ ठरलेली असते, रस्ता ठरलेला असतो. हमरस्त्यावरच्या उघड्या गाडीला यातलं काहीच नाही. पण मला जास्त काळजी प्राण्याची वाटते. या गाडीचं इंजिन वेगाला हावरं आहे, आणि अंधारात दिव्याच्या झोताने चितळ जागीच खिळून उभं राहतं. जंगलपट्ट्यात मी ताशी ५०च्या वर जात नाही. मागून हॉर्न वाजले तर बाजू देतो.

११. वही ठेवा

मिस्त्रींच्या डोक्यात जे आहे ते कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून मी साधी दोनशे पानी वही केली. प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर, कुठला भाग, त्याचा नंबर, कुणी केलं, कसं केलं. दाबाच्या मीटरचे थंड आणि गरम आकडे. होजवाल्याने काढलेल्या आट्यांची मापं. ताडपत्रीवाल्या काकांनी तुकड्यांना दिलेले नंबर आणि कुठली शिवण आधी, कुठली नंतर. पाणी जायच्या सगळ्या भोकांचं चित्र मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने काढून दिलंय, प्रत्येकापुढे किती जाड तार घालायची ते लिहून.

मिस्त्रींचा नातू आता गॅरेजात येतो. आयटीआय झालाय, मोबाइल लावून नव्या गाड्यांचे दोष वाचतो, के-जेट्रॉनिक त्याने कधी पाहिलं नव्हतं. मीटर लावायला मी त्याला वही उघडून दिली. त्याने आकडे वाचले, गरम इंजिनाचा दाब पुन्हा मोजला आणि खाली त्या दिवसाची नवी ओळ लिहिली. मागच्या पेट्रोल फिल्टरची मुदत संपत आलीय, हेही त्यानेच त्या पानावरून शोधून काढलं. मृगाच्या आधी तो बदलायचा आहे, आणि तेव्हाच डाव्या दाराचं रबरही.